आठव्या पावलाला

कँपातल्या त्या दुकानाला टाळं लागणार होतं
तेव्हा बेहरामशांनी काउंटरखालून काढून दिलं नॅट,
एकास बहात्तर, खोक्याच्या कोपऱ्याला उंदराचे दात.
"शेवटची दोन उरलीत. एक तू घे,
एक तुझा तो लंबूटांग दोस्त घेऊन गेला सकाळी."
वीस तारीख होती, खिशात होतं तेवढं दिलं.
घरी येऊन उघडलं:
दोन्ही पंख डावे.
तोवर दुकान बंद, बेहरामशा मुलीकडे नवसारीला.

माळ्यावर आहे ते अजून.
शेजारी अकरा हजारांचा कॉम्प्रेसर,
रंग फवारायला आणलेला.
पहिल्याच दिवशी असा घरघरला
की खालच्या मजल्यावरचे दातार वर आले,
"गिरणी टाकलीत का?"
आता त्यानं सायकलीत हवा भरतो.
हवा चांगली भरतो.
मागं एक रशियन रणगाडा, स्वस्त होता म्हणून घेतलेला;
पट्ट्याच्या कड्या एकशे ब्याण्णव, चिमट्यानं एकेक जोडायच्या.
एका बाजूच्या जोडल्या.
ऑलिव्ह हिरव्याच्या तीन डब्या, हलवल्या तर
आतली वडी खुळखुळ्यासारखी वाजते.

एवढ्यावर भागलं असतं.

जुना बाजार, रविवार.
ताडपत्रीवर कुलपं, मिक्सरची भांडी, एकच लष्करी बूट
आणि बुटाला टेकून पितळेचं इंजिन,
कुणीतरी हातानं घडवलेलं,
डेक्कन क्वीनला लागायचं त्या घाटणीचं,
माथ्यावरचा तारेचा पेंटोग्राफ बोटानं दुमडता येणारा.
"आठशे."
"पाचशे."
"परवडत नाही, साहेब."

आता भाव करायची रीत ठरलेली आहे.
पाठ फिरवायची, हात खिशात,
सात पावलं चालायची, जणू काही इथं काही नव्हतंच.
आठव्याला हाक येते.
मी कुंभारवेशीपर्यंत चालत गेलो.
परत आलो तर
बूट आडवा पडला होता.

डिंगणकरला हे मी किती वेळा सांगितलं असेल.
अमृततुल्यात, त्याच कोपऱ्यातल्या बाकावर,
वीस वर्षं, दर वेळी एखादं पाऊल वाढवून.
तो बशीत चहा ओतायचा,
पेंटोग्राफपर्यंत आलो की फुंकर थांबायची,
शेवटी म्हणायचा, "अरेरे."
अगदी मनापासून.

गेल्या आषाढात गेला.
महिन्याभरानं वहिनींनी बोलावलं,
"तुमच्या कामाचं काही असेल तर बघा,
मला त्यातलं काही कळत नाही."
कपाटात, स्वेटरांच्या मागं,
जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं
ते.
तळाला कागद चिकटवलेला, पेन्सिलीनं त्याचं अक्षर:
जुना बाजार, रवि., साडेसहाशे.
खाली बारीक: दिगूला सांगणे.
मग खोडलेलं.
मग पुन्हा लिहिलेलं.

मी कितीतरी वेळ पेंटोग्राफ दुमडत, उघडत बसलो.
रागवायचं म्हटलं तर समोर कोण होतं?
फोटोतला तो बशीत फुंकर घालताना दिसतो तसा,
ओठ थोडे पुढे.
आठशे रुपये टेबलावर ठेवले.
वहिनींनी तीनशे परत केले.
"पाचशे पुष्कळ झाले," म्हणाल्या,
आणि आत गेल्या, दूध उतू जात होतं.

जिन्यात निघालो, खिशात इंजिन, एका अंगाला जड.
सातव्या पायरीवर पाय थबकले.
उगीच. सवय.
वरून हाक आली.
"अहो, हे राहिलं. तुमच्याच नावानं ठेवलंय."
वर गेलो. पिशवीत नॅट. खोक्याला टाचणीनं माझं नाव.
दारातच उघडलं, थरथरत नाही म्हणणार नाही.
त्यातही दोन्ही डावे.